पहाटेची जोडणी

"माझं खातं उघडलं की नेट येतच नाही बघा, दादा," सूनबाईने पडद्याकडे बोट दाखवले. "सतरा दिवस झाले. रजा संपली माझी. आज संध्याकाळपर्यंत काम पोचलं नाही, तर दुसरी बघतो म्हणालेत ऑफिसातले."

तंत्रज्ञाने संगणकामागे वाकून तारा चाचपल्या. राउटरचे दिवे स्थिर तेवत होते. चार वर्षांपूर्वी हा संगणक त्यानेच येथे बसविला होता. पडद्यावर तीन खाती होती : सासऱ्यांचे, सासूबाईंचे आणि सुनेचे.

"काकू, तुमच्या खात्यातही हेच?"

"मला विचारू नका. मी नुसता पत्त्यांचा डाव मांडते. त्याला नेट लागत नाही," काकू दाराशेजारून म्हणाल्या. "हे गेले त्याच दिवसापासून बंद आहे. जाताना नेटही सोबत घेऊन गेले की काय, कोण जाणे!"

"काकांचं उघडून पाहू?"

ते गेल्यापासून त्या खात्याला कोणी हात लावला नव्हता. मग काकूंनी कळफलक उलटा केला. खाली चिकटविलेल्या कागदावर ठसठशीत अक्षरांत पासवर्ड होता.

काकांचे खाते उघडताच नेटची जोडणी आली.

"असंच करायचे रोज," काकू म्हणाल्या. "साडेचारला उठायचे, हे उघडून तसंच ठेवायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. चौतीस वर्षं गावाला पाणी सोडलं, तेव्हाही हीच वेळ. मी म्हणायचे, नोकरी संपली, आता तरी पडा जरा! तर म्हणायचे, 'अगं, मी उघडल्याशिवाय कुणाला मिळत नाही.' तुम्हीच सांगितलं होतंत ना फोनवर?"

तंत्रज्ञाचा हात थबकला. तो फोन त्याला आठवला. 'सध्या आधी तुमचं खातं उघडून ठेवा, काका. उद्या येऊन बघतो.' तो उद्या कधी उगवलाच नव्हता. आणि त्या सद्गृहस्थाने पुन्हा विचारले नव्हते.

"हो, काकू."

"मग आता मी उठत जाईन. पासवर्ड आहेच कागदावर."

तंत्रज्ञाने जोडणीचा तपशील उघडला. 'सर्व वापरकर्त्यांसाठी' या शब्दांपुढचा चौकोन रिकामा होता. त्याने त्यात खूण केली. तेवढेच काम होते.

"नको, काकू. आता कुणी उठायला नको."

काकू त्या चौकोनाकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे हे तेव्हाही करता आलं असतं?"

"आलं असतं."

सूनबाईने आपले खाते उघडले, जोडणी होती. ती घाईने कामाला बसली. काकूंनी फळीवरचे गजराचे घड्याळ उचलून तंत्रज्ञापुढे धरले.

"एवढंही करून जा. रोज वाजतं. मला बंद करता येत नाही."

त्याने ते दोन्ही हातांनी घेतले. काटा साडेचारवर लावलेला होता. मागची कळ झिजून गुळगुळीत झाली होती. ती फिरवायला त्याला बराच वेळ लागला.