चतुराबाईंचा आवाज आणि माझे दोन भाग

मित्रांनो, पोस्टाच्या तिकिटाएवढा माझा देह. मी एक जुने मेमरी कार्ड आहे. कुठल्याशा दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला, पण माझे खरे आयुष्य सुरू झाले ते २००६ साली, नाशिकला, प्रतिभाताईंच्या हातात.

प्रतिभाताई जुनी बियाणी जमवणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करायच्या. त्यांच्याकडे तळहातावर मावणारा, लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर चालणारा एक संगणक होता. त्याच्या कडेच्या खाचेत मी बसायचो. तो ऐकायचा आणि मी सांभाळून ठेवायचो.

त्या उन्हाळ्यात आम्ही हरसूलजवळच्या एका पाड्यावर गेलो. तिथल्या चतुराबाईंना भाताचे बावीस वाण तोंडपाठ होते. कोणता उतारावर लावायचा, कोणता पाणथळीत, कोणत्या तांदळाची पेज बाळंतिणीला द्यायची, सगळे. तीन दिवस त्या बोलत होत्या.

"लिवून घे बाई. माझ्यामागं कोन सांगनार?"

"आजी, हा ऐकतोय ना!" प्रतिभाताईंनी संगणक पुढे धरला.

"दिसभर ऐकतोय. याला भूक नाय लागत का?" चतुराबाई खळखळून हसल्या. ते हसूही माझ्याकडे राहिले.

नाशिकला परतल्यावर प्रतिभाताईंना त्या संगणकात मराठी टंकलेखनाची सोय करायची होती. त्याच्या स्वतःच्या पोटात जागा उरली नव्हती. माहितीच्या कागदावर लिहिले होते, कार्डाचे दोन भाग पाडा, एक प्रोग्रामसाठी आणि दुसरा फायलींसाठी. काम पाच मिनिटांचे वाटले. नक्कल काढायची राहूनच गेली. त्यांनी भाग पाडले, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, आणि पडद्यावर उमटले: कार्ड वाचता येत नाही.

मित्रांनो, माझ्यातले काहीही हरवले नव्हते. कोणता भाग कुठून सुरू होतो, याची नोंद माझ्या अगदी सुरुवातीला असते. तेवढीच बदलली होती. संगणक भलत्याच ठिकाणी शोधत होता. पण मी हे सांगणार कसे?

ऑफिसातल्या मोठ्या संगणकाने तर सरळ विचारले, "कार्ड फॉरमॅट करायचे का?" म्हणजे सगळे पुसून नव्याने मांडायचे का? प्रतिभाताई वैतागल्या होत्या. हरसूलला जाऊन पुन्हा रेकॉर्ड करू, असे त्यांच्या मनात आले. म्हणून 'हो' म्हणण्याआधी त्यांनी तिथल्या दुकानात फोन लावून चतुराबाईंच्या सुनेला, मैनाला, बोलावून घेतले.

"ताई, आता कशापायी येता?" मैना रडत होती. "सासूबाईंना झटका आला. एक बाजू गेली. लय धडपडतात, पन शब्द फुटत नाय."

प्रतिभाताईंनी हात मागे घेतला. मला रुमालात गुंडाळले आणि सातपूरची बस धरली.

सातपूरला त्यांच्या ओळखीचे कुंदनदादा राहायचे. ते एका कारखान्यात यंत्रे दुरुस्त करत, आणि लिनक्सचा त्यांना भारी नाद. नुकतेच ते पहिली पाळी संपवून आले होते.

"काय काय केलंस ते सगळं सांग. लाजू नकोस," ते म्हणाले.

प्रतिभाताईंनी सगळे सांगितले.

"भाग पाडल्यावर फॉरमॅट केलंस?"

"नाही."

"मग धीर धर. जमीन जागेवर आहे, सातबारा चुकलाय."

आधी त्यांनी माझी अक्षर न् अक्षर नक्कल आपल्या संगणकात उतरवली. "आता जे काय करायचं ते हिच्यावर. मूळ कार्डाला हात लावायचा नाही." मग भाग कुठून सुरू होत असेल याचा अंदाजाने एक आकडा नकलेत घालून पाहिला. काही नाही. दुसरा घातला. नुसता कचरा. प्रतिभाताईंचा चहा निवून गेला.

"याच्या जोडीचं दुसरं कार्ड आहे का?"

होते! संस्थेच्या कॅमेऱ्यात, माझ्याबरोबरच घेतलेले. प्रतिभाताई जाऊन ते घेऊन आल्या. त्याचा पहिला भाग कुठून सुरू होतो ते कुंदनदादांनी पाहिले, आणि तोच आकडा माझ्या नकलेत लिहिला. पडद्यावर फायलींची रांग उभी राहिली. त्यांनी पहिलीच फाइल उघडली.

"याला भूक नाय लागत का?"

प्रतिभाताईंना हसू आले की रडू, ते त्यांनाही कळले नाही. त्यानंतरच माझी नोंद दुरुस्त झाली.

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा पाड्यावर गेलो. चतुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. स्वतःचाच आवाज ऐकून त्या आधी दचकल्या, मग डोळे मिटून ऐकू लागल्या. मी एकेक वाण सांगत गेलो. काळभात आला. "हा खालच्या खाचरात लावायचा," आवाज म्हणाला.

"नाय!"

सगळे थबकले. मैनाच्या हातातला तांब्या कलंडला.

"नाय, नाय!" चतुराबाई चांगला हात उंचावून डोंगराच्या उताराकडे दाखवत होत्या. झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द होता, आणि तो तेव्हा बोलताना झालेली स्वतःचीच चूक सुधारण्यासाठी निघाला होता. "चुकलं का हो आजी? वरच्या उतारावर?" प्रतिभाताईंनी विचारले. चतुराबाईंनी जोरात होकाराची मान डोलावली. मग प्रतिभाताईंनी कॅसेटवर उतरवून दिलेला आवाज रोज थोडा ऐकवायचा आणि त्यांना बोलते करायचे, असे मैनाने ठरवूनच टाकले. पावसाळा सरेपर्यंत आठ-दहा शब्द परत आले होते.

आता मी डबीत विसावलो आहे. माझ्या तीन नकला तीन घरांत आहेत. मित्रांनो, काही बदलण्याआधी एक नक्कल काढून ठेवा. न कळलेल्या प्रश्नाला घाईने 'हो' म्हणू नका. आणि ज्यांचा आवाज तुम्ही साठवला आहे, त्यांच्या ओसरीवर पुन्हा एकदा जाऊन बसा. त्यांचे सांगायचे अजून संपलेले नसते.