बाळकृष्णाच्या वाकीला टूथपेस्ट

दोन हजार बावीस साली, धरणातून कावेरीला पाणी सोडलं त्या सुमारास, अंबुजाबाईंच्या घरातली टूथपेस्ट दातांपेक्षा भिंतींनाच जास्त लागू लागली.

यजमान वादिराजराव जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा प्रणवेश आणि सून अखिला टोरांटोला. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत बाई एकट्या. दर रविवारी सकाळी नात हरिता फोनवर तोंड दाखवायची. जेवलीस का, पाऊस आहे का, एवढ्यावर बोलणं आटायचं. पोरीला मराठी कळायचं सगळं, बोलताना मात्र शब्द तमिळमधून नाहीतर इंग्रजीतून उसने आणावे लागायचे. फोन बंद झाला की घर खायला उठायचं.

एकदा सांगायला काहीच नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं, की कॅलेंडरचा खिळा निघाला, तर भोकात टूथपेस्ट भरली, भिंत जशीच्या तशी. हरिता खळखळून हसली. आणखी सांग म्हणाली. पुढच्या रविवारी बाईंनी चांदीचा करंडा घासून दाखवला, मग इस्त्रीचा जळका तळ, मग नळाची तोटी. कांदा चिरल्यावर हाताचा वासही टूथपेस्टनं जातो म्हणाल्या. फोन लांबत चालला. शेजारची भामा टोमणा मारायची, "अंबुजाक्का, त्यातली थोडी दातांना ठेवता की नाही?"

पण घर ते केवढं, आणि घासणार किती? एका शनिवारी सगळं संपलं. उद्या काय दाखवायचं, म्हणून बाई खोल्या धुंडाळत फिरल्या आणि देवघरातल्या बाळकृष्णाच्या चित्रापाशी थांबल्या. लग्नात वडिलांनी दिलेलं चित्र. समईच्या धुरानं सोनं काळवंडलेलं.

त्या सोन्याला ओलं बोट लावायचं नसतं, हे तंजावुरात पोरंसोरंही जाणतात. वर सोन्याचा वर्ख, खाली खडू आणि डिंक. पाणी लागलं की विरघळलंच. बाईंनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी काच उतरवली आणि ओल्या फडक्यावर टूथपेस्ट घेतली. पहिल्यांदा फडकं फिरवताच बाळकृष्णाच्या दंडावरची वाकी अशी झळकली, की त्यांना लग्नाचा मांडव आठवला. दुसऱ्यांदा फिरवताच वाकी फडक्यावर आली. दंडावर पांढरा खड्डा उरला.

मग खड्ड्यात टूथपेस्टच भरली आणि काडीनं वाकीचे मणी उठवले.

रविवारी हरितानं विचारलं, "आज काय, आजी?" बाईंनी फोन चित्राकडे वळवला.

हरितानं फोन जवळ घेऊन पांढरी वाकी पाहिली. हे होईल हे तुला माहीत नव्हतं का, असं तिनं हळूच विचारलं.

"माहीत होतं," अंबुजाबाई म्हणाल्या. "पण दाखवायला काही उरलं नव्हतं गं. काहीच नसलं, तर तू फोन कशाला करशील?"

मग हरिता शब्द जुळवत म्हणाली, "काही दाखवू नकोस, आजी. फोन तिथेच ठेव. तू तुझं काम कर. मी बसते."

बाईंनी फोन कॉफीच्या स्टीलच्या टंबलरला टेकवला आणि अवरेच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलायला घेतल्या. पलीकडे हरिता पुस्तकाची पानं उलटत होती.

भामा पुढच्या वर्षी लेकीकडे तिरुच्चीला राहायला गेली. प्रणवेश आणि अखिला वादिराजरावांच्या श्राद्धाला येऊन गेले. चित्र कारागिराकडे देऊ म्हणाले, बाईंनी देऊ दिलं नाही. गोड म्हणून वाकीला मुंग्या लागल्या, नंतर त्याही गेल्या, आता ती पिवळी पडली आहे. हरिताला नोकरी लागली. फोन येतो, पण आता दर रविवारी नाही.

अंबुजाबाई शेंगा मात्र रविवारीच सोलतात. समोर टंबलर ठेवतात, त्याला टेकवून फोन.