सासूबाईंची रिकामी खुर्ची

मला लाईनची प्रमुख केलं आणि माझ्या मागे नस्ती कटकट लागली. १९८८ सालची गोष्ट. तारापूरची औषधाची कंपनी, पॅकिंगची लाईन, सगळ्या आसपासच्या गावांतल्या बायका. आणि शेवटच्या टेबलावर कोण? तर माझी सख्खी सासू, प्रेमला! आमचं अख्खं कुंभवली गाव त्यांना वचकून असायचं, तिथे माझी काय कथा?

नवा नियम आला होता. खोक्यात आधी माहितीचा कागद, मग बाटली. बाकीच्यांना मी ओरडून सांगितलं. सासूबाईंना कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या हंसाला मोठ्याने सांगायचे, म्हणजे परस्पर त्यांच्या कानावर जाईल. कुठलं काय! त्यांची खोकी बिनकागदाचीच. शेवटी साहेब तडकले, "जयवंती, आता एक जरी खोकं परत आलं, तर तू पुन्हा टेबलावर पॅकिंगला."

तेव्हाच कंपनीने मुंबईहून चंद्रकांता मॅडम आणल्या होत्या. मानसशास्त्र शिकलेल्या. नव्या सुपरवायझरना माणसं सांभाळायला शिकवणार म्हणे. मला वाटलं, वेड्यांची डॉक्टर असेल! पण बाईंनी भाषण नाही दिलं. माझी रडकथा ऐकली आणि समोर एक रिकामी खुर्ची ठेवली.

"इथे सासूबाई बसल्यात. सांगा त्यांना."

मी ताडकन उठले, डोक्यावर पदर घेतला. अग बाई, खुर्चीत कुणी नाही, तरी तोंडातून शब्द फुटेना!

"बरं, आता तुम्हीच त्या खुर्चीत बसा. तुम्ही सासूबाई. सुनेला काय म्हणाल?"

बसले. वाटलं होतं, शिव्याच सुचतील. काहीच सुचेना. एका चुलीवरचं खातो आम्ही, पण ही बाई माझ्याबद्दल मनात काय म्हणते, ते मला ठाऊकच नाही? कमाल आहे!

"माहीत नाही हो," मी म्हटलं.

"मग विचारा की."

आता मला राहवेना. दुसऱ्या दिवशी कामाची पाळी सुरू झाली तशी थेट त्यांच्या टेबलाशी गेले.

"आई, मी प्रमुख झाले ते तुमाला आवडलं नाय का?"

त्यांचे हात थांबले. "सगळ्यांवर खेकसतेस. माझ्यापाशी आलीस का मुकी. मी म्हटलं, म्हातारीला आता धरतच नाय कामात. मंग कशाला घालू कागद?"

डोळ्यांत पाणी होतं. सासूबाईंच्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, मी तुमचा मान ठेवत होते."

"मान भिंतीवरच्या फोटोला ठेव. मी जिती हाय अजून."

मी घसा खाकरला आणि सगळ्या लाईनीला ऐकू जाईल अशी ओरडले, "आई, आधी कागद, मग बाटली!"

"बोंबलतेस कशाला? बहिरी नाय मी," त्या म्हणाल्या, आणि कागद उचलला.