तदर्थ जावई

खानदेशात नवऱ्या मुलाला काही विचारत नाहीत, त्याच्याबद्दल तिसऱ्याला विचारतात. म्हणून धुळ्याच्या तोताराम पाटलांचा फोन अमळनेरला रतिलाल सरांना आला. सर कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुख. मुलगा, म्हणजे नवल, त्यांच्या हाताखाली शिकवणारा.

"पोऱ्या कसा शे, सर?"

"सोनं आहे."

"नोकरी पक्की शे ना?"

नवलची नोकरी दर एप्रिलला सुटायची आणि सरांनी मनावर घेतलं तर जूनला पुन्हा लागायची. सरांचे पेपरसुद्धा नवलच तपासत असल्यामुळे सर मनावर घेत. हे सांगावं तर स्थळ मोडणार, ते पाप नको. खोटं बोलायचं पापही नको. सुशिक्षित माणूस अशा वेळी लॅटिनकडे वळतो.

"ॲडहॉक आहे," सर म्हणाले. "मूळ लॅटिन. ॲड म्हणजे साठी, हॉक म्हणजे हे. ह्याच कामासाठी खास नेमलेला."

"खास!" तोतारामभाऊ खूश झाले. "तुमी सांगं, म्हंजे बठ्ठं वनं." त्यांच्या लेखी त्यात सगळं आलं.

खरं काय ते सांगायला फोन करायचं सरांनी नंतर दोनदा ठरवलं. एकदा रेंज नव्हती. दुसऱ्यांदा होती.

साखरपुड्याला सरांना टॉवेल-टोपी मिळाली, पाठोपाठ तोतारामभाऊंनी हातात माईक दिला. "सर, जावयाचा तो लॅटिन शब्द पाहुण्यांना सांगा ना!"

सरांनी सांगितला. टाळ्या पडल्या. सरांनी नव्या टॉवेलने घाम पुसला.

"सर," पाटावरून नवरी मुलगी हेमांगीने विचारलं, "आणि 'हे' काम संपलं की?"

नवल खाली बघत होता.

"एप्रिलमध्ये संपतं," सर म्हणाले. "जूनमध्ये पुन्हा अर्ज." माईक चालूच होता.

हेमांगी नवलकडे वळली. "तुम्ही का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, सरांनी सांगितलंय."

ती उठली. "बाबा, कुंकू राहू द्या. आता मी यांनाच विचारते." दोघं हॉलबाहेर गेली.

कोणीतरी आपल्याला रागावेल म्हणून सर उभे राहिले. कोणी रागावलं नाही. तोतारामभाऊंनी हाताला धरून त्यांना पंगतीत बसवलं, पानात स्वतः बट्टी कुस्करली, वर वरण ओतलं, तूप जरा जास्तच सोडलं.

"भाऊ, माझं चुकलं."

"जेवा, सर," तोतारामभाऊ दाराकडे बघत म्हणाले. "तुमनं काम व्हई गयं."