ताईंचे पैसे आधी

आमची लाँड्री काही एका दिवसात बुडाली नाही. आधी बॉयलर बिघडला, मग हॉटेलवाल्यांनी चादरी पाठवायचं बंद केलं, मग बँकेचे हप्ते थकले. शेवटी वकीलबाई आमच्या यांना म्हणाल्या, "दिवाळखोरीचा अर्ज केलात ते बरं केलंत. जे आहे ते कोर्ट विकेल, ज्यांचं देणं आहे त्यांना वाटेल आणि उरलेलं कर्ज सुटेल."

मला तर हायसंच वाटलं. वसुलीच्या फोनांचा ससेमिरा तरी सुटेल.

"अर्जाआधी वर्षभरात नातेवाइकांपैकी कुणाला पैसे दिलेत?" बाईंनी विचारलं.

हे फाईलची दोरी उगाच सोडू-बांधू लागले. मी ओळखलं, काहीतरी घोळ आहे.

"अहो, बोला ना!"

"ताईचे फेडले," हे पुटपुटले. "डिलिव्हरीची गाडी विकली तेव्हा. म्हटलं, निदान बहिणीला तरी बुडवायचं नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. "घरच्यांना आधी आणि बाकीच्यांना ठेंगा, हे कोर्ट चालवून घेत नाही. ते पैसे ताईंकडून परत घेऊन सगळ्यांत वाटणार. त्यातलं ताईंच्या वाट्याला येईल चिमूटभर. आणि लपवलंत, तर कर्ज सुटायचं विसरा."

डोंबलाचा चांगुलपणा! वाटेत मी यांना नको नको ते बोलले. ताईंच्या इमारतीपाशी आल्यावर हे पायरीवरच बसले. "तूच सांग. माझ्याने नाही होणार."

नेहमी मीच निस्तरायचं. गेले वर.

ताई पडद्यांना हूक लावत होत्या. मी पाणीही न पिता सगळं सांगून टाकलं.

"पैसे आहेत गं, हात नाही लावला," त्या म्हणाल्या. मग हातातला हूक परत डब्यात टाकला. "पण आमच्या यांना काय सांगू?"

ताईंच्या यजमानांचं पहिल्यापासून एकच पालुपद होतं, तुझा भाऊ पैसे बुडवणार. पैसे परत आले त्या दिवशी ताईंनी चेक त्यांच्यासमोर ठेवला होता आणि त्या घरात पहिल्यांदा आवाज चढवून बोलल्या होत्या.

"सांगेन, मीच कुठेतरी गुंतवले आणि घालवले," ताई म्हणाल्या. "मूर्ख म्हणतील. जन्मभर ऐकवतील. ऐकवू देत. पण माझ्या भावाला बुडव्या म्हणायचं नाही कुणी. आणि हे त्याला कळू देऊ नकोस."

"ताई, अहो..."

"जा आता. यांची यायची वेळ झाली."

मी खाली आले. हे धडपडत उठले. "काय म्हणाली?"

"देते म्हणाल्या."

"बघ! मी म्हणत नव्हतो, ताई समजून घेईल?" असं म्हणून हे कितीतरी दिवसांनी हसले. मला त्या हसण्याचा इतका राग आला, आणि रडूही आलं. मी पुढे चालू लागले.