एकाच कपाटात

थोरलीने फोन टेबलावर ठेवला नाही, आपटला.

"बंद केलाय ना?" पहारेकरी मामांनी विचारलं.

"केलाय."

फोन बंद करणं म्हणजे कडेचं बटण दाबून पडदा काळा करणं, अशीच इथल्या बहुतेक बायकांची समजूत होती आणि मामांचीही त्याहून फारशी वेगळी नव्हती. त्यांनी तिचा फोन मागच्या लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर इस्त्रीवाल्यांच्या फोनांत ठेवला. खालच्या फळीवर धुलाईवाल्यांचे फोन पहाटेच्या पाळीपासून पडले होते. मामांनी किल्ली फिरवली.

हा नियम आजपासूनचा. इस्पितळांच्या चादरी धुणारा हा कारखाना एका मोठ्या इमारतीच्या तळघरात होता आणि तिथे रेंज औषधालाही मिळायची नाही. फोनचा उपयोग घड्याळापुरता. मग धुलाईतल्या एका बाईने, जिच्या बडबडीमुळे सगळ्या तिला रेडिओ म्हणत, कुठून तरी एक ॲप पैदा केलं. त्याला इंटरनेट लागत नसे. ब्लूटूथ चालू ठेवलं की निरोप एका फोनवरून जवळच्या फोनवर, तिथून पुढच्या फोनवर, असा हातोहात जाई. जवळ कुणी नसलं तर फोनमध्येच वाट बघत बसे. यंत्रांच्या खडखडाटात घंटी ऐकू येण्याची सोय नव्हती, म्हणून सगळ्यांचे फोन खिशात नुसते थरथरायचे. निरोप तरी काय, तर 'चहा आला' नाहीतर 'कडकसाहेब निघाला'. कडकसाहेब म्हणजे व्यवस्थापक. त्याच्या शर्टाची कॉलर मोडलेली आजवर कुणी पाहिली नव्हती.

आणि मग गेल्या आठवड्यात धाकटीचा हात रोलरमध्ये गेला.

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. खिडकी उघडी ठेवायची की बंद, इथपासून त्यांचं वाजायचं, आणि कारखान्यात मात्र एकच ओली चादर दोघी दोन टोकांनी धरून तापल्या रोलरला द्यायच्या. रोलरच्या तोंडाशी एक दांडी असते. बोट तिला लागलं की यंत्र जागच्या जागी थांबतं. पण ती जरा कशाने हलली तरी थांबतं, आणि काम मागे पडतं. म्हणून कडकसाहेबाने दांडी काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायला लावली होती. येता-जाता सगळ्यांना ती दिसत होती. धाकटीची दोन बोटं गेली त्या दिवशीही ती तिथेच होती.

जावेला इस्पितळात पोचवून थोरली आपली पिशवी न्यायला परत आली, तेव्हा तिने उघड्या रोलरचा आणि खिळ्यावरच्या दांडीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी दांडी जागेवर, वर ताजा रंग. कडकसाहेब ज्याला त्याला सांगत सुटला की बाई बेपर्वा होती, दांडी तर कायमच होती. चोराच्या उलट्या बोंबा! मोठ्या कार्यालयाकडून चौकशी होणार होती, तीत हे खरं ठरलं तर धाकटीचं काम जाणार होतं आणि जन्माचा बेपर्वाईचा ठपका वर.

थोरलीने त्या ॲपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, 'चौकशीत मी खरं सांगणार. तुम्ही?' इस्त्रीवाल्यांनी वाचलं आणि एकमेकींकडे पाहिलं. थोरली तर घरचीच, तिची साक्ष कोण धरणार? धुलाईवाल्या बोलल्या तर आम्ही बोलू, असं त्यांचं ठरलं.

धुलाईकडून उत्तरच आलं नाही. दोन्ही विभागांच्या मध्ये जाड भिंती आणि एक लांब बोळ. त्या बोळातून दिवसभर ट्रॉलीवाली ये-जा करायची आणि तिच्या खिशातल्या फोनमधून इकडचे निरोप तिकडे पोचायचे, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं, तिच्याही नाही. अपघातानंतर कडकसाहेबाने तिला वरच्या गोदामात पाठवलं होतं आणि बायका जमायला नकोत म्हणून जेवणाच्या नि सुटीच्या वेळाही वेगळ्या केल्या होत्या. नंबर तर कुणी कुणाचे घेतलेच नव्हते. घरी गेल्यावर पुन्हा कारखान्यातल्या बाईशी बोलायला वेळ कुणाला होता? 'मूग गिळून बसल्यात मेल्या,' थोरली मनात म्हणायची.

आज चौकशी होती. सकाळी निघताना धाकटीने पट्टी बांधलेला हात आडवा धरून दार अडवलं होतं.

"ताई, तुम्ही काही बोलू नका. तुमचीही नोकरी जाईल."

"माझ्या नोकरीचं मी बघीन. तू चहात साखर किती घालायची ते बघ," थोरली म्हणाली आणि तिचा हात अलगद बाजूला केला. जिना उतरताना तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता.

दुपारी ती पाणी प्यायला मामांच्या खोलीत गेली, तर मामा वैतागून बसलेले.

"फोनांत काय भुंगे पाळलेत गं तुम्ही? सकाळपासून कपाट गुरगुरतंय. तू आलीस तेव्हापासून तर उसंत नाही."

"मामा, इथे रेंज कुठे आहे?"

"तेच तर म्हणतोय. भुताटकी आहे नुसती."

थोरलीने भांडं खाली ठेवलं. वरची फळी, खालची फळी. कपाट पुन्हा गुरगुरलं. ती स्टुलावर बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. अपघातानंतर मामा तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

"फोन परत कधी देणार, मामा?"

"चौकशी झाल्यावर. साहेबांचा हुकूम आहे."

"आधी द्या."

"का म्हणून?"

"द्या. एवढं ऐका माझं."

मामा किल्लीशी चाळा करत राहिले.

"जावेचा हात कसा आहे?"

"दोन बोटं गेली. उजव्या हाताची."

ती कामावर परत गेली.

संध्याकाळी सगळ्यांना घड्या घालायच्या दालनात उभं केलं. धुलाईवाल्या एका भिंतीला, इस्त्रीवाल्या समोरच्या. टेबलाशी मोठ्या कार्यालयातून आलेल्या बाई आणि शेजारी कडकसाहेब. तेवढ्यात दार ढकलून मामा आत आले. त्यांच्या हातात चादरींची टोपली होती आणि टोपलीत फोन.

"पाळी संपली, बाईसाहेब," ते कडकसाहेबाकडे न बघता म्हणाले. "ज्याची वस्तू त्याला द्यायला हवी."

मोठ्या बाईंनी मान हलवली. त्यांच्यादेखत कडकसाहेब काय बोलणार?

थोरलीचा फोन निरोपांनी भरला होता. सगळे रेडिओचे, गेल्या आठवड्यापासूनचे.

'आम्ही सगळ्या बोलणार. इस्त्रीवाल्या काय म्हणतात?'

'अगं, काहीतरी बोला.'

'घाबरलात होय? आम्ही आहोत ना.'

आणि आज पहाटेचा, 'कुणी नाही बोललं तरी मी बोलणार.'

थोरलीने मान वर केली. समोर रेडिओ आपल्या फोनमधला खिळ्यावरच्या दांडीचा फोटो बघत होती. तिनेही वर पाहिलं. आठवडाभर दोघींनी एकमेकींना मनात शिव्या घातल्या होत्या, ते दोघींच्याही तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"तर दांडी जागेवर होती, हे सगळ्यांना माहीत आहे," कडकसाहेब म्हणाला. "कुणाला वेगळं काही सांगायचं असेल तर पुढे या."

थोरलीने पाऊल उचललं, पण रेडिओ तिच्या आधीच टेबलाशी पोचली होती. तिने बोलायची पाळी कधी कुणाला दिली होती? तिने फोन मोठ्या बाईंपुढे ठेवला. मग तिच्या शेजारणीने ठेवला, मग इस्त्रीतल्या एकीने, आणि टेबलावर जागा उरेना तशा मागच्या बायका फोन हातातच उंच धरून उभ्या राहिल्या. पडद्यापडद्यावर तीच दांडी, त्याच खिळ्याला.

मोठ्या बाईंनी चष्मा लावला.

कडकसाहेब मामांकडे वळला. "फोन जमा करायला सांगितले होते ना तुम्हाला?"

"केले होते ना, साहेब," मामा म्हणाले. "तुम्ही सांगितलं तसे. दिवसभर सगळे एकाच कपाटात होते."