क्षमस्व, वहिनींच्या आवाजात

पिवळ्या चिठ्ठीचं वरचं टोक पुन्हा सुटलं, ती पुढे वाकली, आणि आता पडणार असं वाटत असतानाच तशीच लोंबकळत राहिली. भिंतीला वाफेची ओल होती. कपडे धुवून इस्त्री करायच्या दुकानात कोरडी भिंत कुठून सापडणार, हे धाकट्या दिराला तरी ठाऊक असायला हवं होतं. पण तो सकाळपासून हँगरच्या रांगा बाजूला सारून चिठ्ठ्या डकवत सुटला होता. एकेक चिठ्ठी म्हणजे होऊ घातलेल्या अ‍ॅपचं एकेक पान. ‘कपडे न्यायला बोलवा.’ ‘कपडे कुठवर आले?’ आणि ही, बरोब्बर तिच्या डोळ्यांसमोरची – ‘तक्रार. क्षमस्व. वहिनींचा आवाज.’

तिनं अंगठ्यानं टोक दाबून धरलं. मग आपण ते का दाबून धरतोय हे लक्षात येऊन हात काढून घेतला. पडली तर पडली.

“लोक दुकानाचं नाव विसरतात हो,” दीर अ‍ॅपवालीला सांगत होता, “पण वहिनी म्हटलं की बास. म्हणून अ‍ॅपमध्ये बोलणार त्या वहिनीच.”

अ‍ॅपवाली मुलगी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. कामाची होती, उगाच हसत नव्हती. तिनं विचारलं, “तक्रार आली तर ती कुणाकडे जायची?”

“हिच्याकडे,” नवरा म्हणाला. तो बटणांच्या डब्यात काहीतरी शोधत होता. त्यानं मान वर केली नाही.

“म्हणजे धुलाईचं काम या बघतात?”

“छे छे. धुलाई-इस्त्री आम्ही दोघं भाऊ. ही बोलते.”

ही बोलते... तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसलं काही झालं नाही. आग आधीपासून मस्तकातच होती, फक्त कुणीतरी तिच्यावरचं झाकण काढलं. ही बोलते. लग्न होऊन आली तेव्हा गल्ल्याशी बसवलं तिला, आणि पहिल्याच महिन्यात कळलं की गल्ला हे निमित्त आहे – खरं काम वेगळंच आहे. कुणाची बाही आटली, कुणाच्या पांढऱ्यावर दुसऱ्याचा निळा उतरला, की दोघे भाऊ लाकडी पार्टिशनच्या मागे गडप व्हायचे, जसे काही तिथे फार मोठं काम अडलंय, आणि आतून दबका आवाज यायचा, “वहिनी, जरा बघा ना. तुमचं ऐकतात लोक.” ऐकतातच. बाईवर ओरडायला माणूस थोडा कचरतो, त्या थोड्याशा कचरण्यात ती मान तिरपी करून, आवाज खाली आणून बोलायला लागायची. नाक मुठीत धरून. चूक कुणाची हे विचारायची पद्धतच नव्हती घरात.

आणि तो कोट. काळसर निळा, पुरुषाचा. कोट घेऊन आलेली बाई फार बोलली नव्हती – नवऱ्याचा होता, नवरा गेला, आता मुलाला बसतो, मुलाला नोकरीच्या मुलाखतीला घालून जायचाय... इतकंच. दिरानं त्यावर इस्त्री ठेवली आणि फोनवर कुठल्याशा मित्राशी खिदळत राहिला. छातीवर, डाव्या बाजूला, इस्त्रीच्या टोकाचा करपलेला डाग. मग पार्टिशन. मग “वहिनी, जरा बघा ना.” त्या बाईनं डागावरून बोट फिरवलं, आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, “तुमच्या हातून झालं का हे?” आणि ती – काय म्हणावं त्या जिभेला – “हो” म्हणाली.

अजून ती बाई दिसते. बेकरीजवळ, दवाखान्यापाशी. लांबून हिला पाहते आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जाते. दिराला मात्र परवाच भेटली, तर हसून विचारपूस करून गेली म्हणे.

चोर सोडून संन्याशाला फाशी. पण संन्याशानं तरी स्वतःच्या पायांनी फासापर्यंत जावं का, आणि दोर नीट बसतोय ना हेही बघावं का? तिला स्वतःचाच संताप आला.

“माफी मागावी तर वहिनींनी,” दीर रंगात आला होता. “समोरचा जाताना उलट आपल्यालाच सॉरी म्हणून जातो.”

नवरा हसला. कौतुकानं हसला, हे तिला दिसलं, आणि त्यामुळे ते जास्तच झोंबलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “तो निळा कोट आठवतो तुम्हाला?”

“कुठला?”

“करपलेला. मुलाखतीचा.”

दिरानं खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे पाहिलं. “नाही बुवा. ढिगानं कोट येतात, वहिनी. का? परत आलाय का?”

खोटं बोलत असता तर धरता आलं असतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या अंगावर पडलेला डाग तिनं त्याच्या नकळत इतका स्वच्छ काढून दिला होता, की डाग पडला होता हेच त्याला ठाऊक नव्हतं. आणि आता हेच कायमचं करून ठेवायचं. एकदा आवाज दिला की हाकही मारायला नको. ती जेवत असेल, झोपली असेल, आईकडे गेली असेल, उद्या मेलेली असेल – कुठल्याशा अनोळखी घरात कुणी बोट दाबेल आणि ती, मान तिरपी करून, माफी मागेल.

“हे माफीचं वाक्य तुम्ही म्हणा,” ती दिराला म्हणाली.

“मी?” तो हसायला लागला.

“अगं, त्याच्या घोगऱ्या आवाजात कसं वाटेल ते,” नवरा म्हणाला. “काहीतरीच तुझं.”

“बाईच्या आवाजानं लोक नरमतात हे खरंय,” अ‍ॅपवाली पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “सगळे तोच ठेवतात.” मग जरा थांबून, कोणाकडेच न बघता, “मलाही सांगतात मीटिंगमध्ये, तू बोल म्हणून.”

रेकॉर्डिंगसाठी अ‍ॅपवालीनंच जागा शोधली. पार्टिशनच्या मागे, टांगलेल्या कपड्यांच्या मधोमध. तिथे आवाज घुमत नाही म्हणाली. वहिनींच्या हातात फोन देऊन ती बाहेर गेली. आजूबाजूला प्लास्टिकमधले कोट, साबणाचा आणि गरम कापडाचा वास. उभी राहिल्यावर तिच्या ध्यानात आलं – इथून गल्ल्यापाशी बोललेलं सगळं ऐकू येतं. गिऱ्हाइकाचा शब्द न् शब्द. म्हणजे दोघा भावांना ऐकू येत होतं. तिचा “हो”सुद्धा.

“तुमचे कपडे तयार आहेत.” झालं. “आमचा माणूस निघाला आहे.” झालं. मग ते. “आमच्याकडून चूक झाली. आम्ही मनापासून दिलगीर आहोत.”

अ‍ॅपवालीनं लगेच ते लॅपटॉपवर उतरवून सगळ्यांना वाजवून दाखवलं. पार्टिशनपलीकडून तिचा आवाज आला. गोड, वाकलेला, जरासा दमलेला. तिनं तो कधी बाहेरून ऐकला नव्हता. कुणीही विरघळलं असतं. तीही विरघळली असती, आणि हे कळताच त्या आवाजाच्या बाईची तिला किळस आली.

“मस्त. एकदाच परत घेऊ या का?” अ‍ॅपवालीनं विचारलं. “मनापासून हा शब्द थोडा हळू.”

हातातल्या फोनवर तिनं पुन्हा बटण दाबलं. लाल ठिपका लुकलुकायला लागला.

ती बोलली नाही.

अशी शांतता तिला चांगली माहीत होती. गिऱ्हाईक डागावर बोट ठेवतं आणि बघत राहतं तेव्हाची. ती तिला कधीच सोसली नव्हती. कुणीतरी आता रडेल, ओरडेल, काहीतरी फुटेल या धास्तीनं तोंडाला येईल ते बोलून ती बुजवून टाकायची.

“चालू आहे हं, वहिनी.”

ती फोनवरचे सेकंदांचे आकडे सरकताना बघत होती. राग कमी झाला नव्हता, तसूभरही नाही. पण आता तो धावत सुटला नव्हता. येऊन शेजारी बसला होता.

“अगं, बोल ना,” नवऱ्याचा आवाज. बटणांचा डबा खाली ठेवल्याचा आवाज. मग काहीच नाही. मग दीर, पहिल्यांदाच जरा चाचरत, “वहिनी... काही झालंय का?”

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. ती उभीच राहिली, फोन तोंडाशी धरून, ओठ मिटून. ही शांतता तिची नव्हती. ज्याची होती त्यानं भरावी.